चोविसावी जागा

पुण्यात सहा वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. पावसाळा लागला की तापाचे पेशंट वाढायचे आणि दुपारपर्यंत एमपीच्या, म्हणजे मलेरियाच्या स्लाइड्सचा ढीग टेबलावर साचायचा. रात्री डोळे मिटले तरी लीशमन स्टेनने रंगलेल्या जांभळ्या पेशी समोर फिरत राहायच्या. हे आधीच सांगते, कारण २०१५ च्या जुलैत कॅलिफोर्निया राज्याकडून मला जे पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की माझ्या शिक्षणात हिमॅटॉलॉजी हा विषय नाही.

पत्र चुकीचं नव्हतं. माझी एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीची. रक्ताच्या पेशी मी लॅबमध्ये शिकले, आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांच्या शेजारी उभी राहून. मार्कशीटवर त्याचा एक ओळीचाही पुरावा नव्हता. आणि इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तपासण्या करून रिझल्ट सोडायचे तर ‘क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट’ हे राज्याचं लायसन्स लागतं. त्यासाठी रसायनशास्त्राची १६ सेमिस्टर युनिट्स, जीवशास्त्राची १८ आणि भौतिकशास्त्राची ३. जीवशास्त्रात हिमॅटॉलॉजी, इम्युनॉलॉजी आणि मेडिकल मायक्रोबायॉलॉजी ही नावं मार्कशीटवर दिसलीच पाहिजेत. भौतिकशास्त्रात प्रकाश आणि वीज शिकल्याचं दिसलं पाहिजे. हे झालं की ट्रेनीचं लायसन्स, मग ५२ आठवड्यांचं ट्रेनिंग, मग परीक्षा, मग खरं लायसन्स. माझं बाकी सगळं जुळत होतं. एक विषय अडला होता.

मी नियमावर कधी चिडले नाही. चुकीचा रिझल्ट गेला तर पलीकडे माणूस असतो, हे मला पुण्यातही माहीत होतं. पण घाई होती. लग्नानंतर २०१० मध्ये आम्ही फ्रीमाँटला आलो तेव्हा माझा व्हिसा एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर आधारलेला. शिकायला परवानगी, कामाला नाही. पाच वर्षं घरी गेली. मग २६ मे २०१५ पासून नियम बदलला. ज्यांच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झालाय, त्या एच-फोरवाल्यांना काम करता येऊ लागलं. आमचा तो टप्पा झाला होता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, मग थांबलीस कशाला?” एका विषयासाठी थांबले होते.

हिमॅटॉलॉजी शिकवणारी ठिकाणं आमच्या भागात बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं गाडीने चाळीस मिनिटांवर असलेलं एक विद्यापीठ सोयीचं होतं, कारण तिथला वर्ग संध्याकाळी असायचा. वेबसाइट उघडली. चोवीस जागा, चोवीस भरलेल्या, वेटलिस्टवर अकरा.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण आपल्याकडे प्रवेश घेतला की वर्ग आपोआप मिळतो. इथे विद्यापीठात प्रवेश वेगळा आणि त्या त्या विषयाच्या वर्गात जागा वेगळी. दर सेमिस्टरला प्रत्येक विद्यार्थी आपापल्या ठरलेल्या वेळी नोंदणी करतो आणि त्या वेळांनाही क्रम असतो. अपंग विद्यार्थी, माजी सैनिक, फोस्टर केअरमध्ये वाढलेली मुलं यांना आधी संधी. मग पदवीच्या शेवटच्या टप्प्यावरचे, मग बाकीचे. ज्याच्या हातात पदवी आधीच आहे आणि जो एखाददुसऱ्या विषयासाठी परत आलाय, त्याला पोस्ट-बॅकलॉरिएट म्हणतात, आणि तो बहुधा या रांगेच्या शेपटाला असतो. त्यातही मी तर रीतसर प्रवेश घेतलेलीही नव्हते. एका विषयासाठी दुसरी पदवी कोण घेणार? कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर माझ्यासारख्यांसाठी ‘ओपन युनिव्हर्सिटी’ नावाची सोय असते. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाशी नावापलीकडे तिचा संबंध नाही. नेहमीच्या विद्यार्थ्यांना देऊन जागा उरली आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी फॉर्मवर सही केली, तर युनिटमागे फी भरून बाहेरच्या माणसालाही त्या वर्गात बसता येतं. फॉर्म वर्ग सुरू झाल्यावरच द्यायचा. त्याआधी कोणी काही कबूल करत नाही.

मला हा क्रम अन्यायाचा वाटला नाही आणि आजही वाटत नाही. वीस वर्षांचा मुलगा या एका विषयासाठी पदवीला अडून बसला असेल तर त्याला आधी जागा मिळावी. माझी तक्रार एवढीच, की जिथे लायसन्सला विषय सक्तीचा आहे, तिथे तो शिकवणाऱ्या जागाही त्या हिशेबात असायला हव्यात. २००८ च्या मंदीनंतर राज्याने विद्यापीठांचे पैसे कापले, वर्ग कमी झाले. पुढे पैसे हळूहळू परत येऊ लागले, पण प्रयोगशाळेचा विषय नुसत्या पैशाने वाढत नाही. मायक्रोस्कोप लागतात, ओटे लागतात, आणि हॉस्पिटलमध्ये जास्त पगार सोडून संध्याकाळी शिकवायला येईल असा माणूस लागतो.

ऑगस्टमध्ये मी प्राध्यापकांना मेल लिहिली. आता ती वाचली तर दिसतं की भाषा इंग्रजी होती, पण आत आपला अर्ज होता. शाळेत शिकलेला तोच ढाचा: विनंती अर्ज करते की, माझी परिस्थिती अशी अशी, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा. पाच परिच्छेद. पुण्याची लॅब, लग्न, व्हिसा, मुलगी, सगळं त्यात. उत्तर दीड ओळीचं आलं: पहिल्या दिवशी या, शब्द देऊ शकत नाही.

पहिल्या दिवशी गेले. प्राध्यापक साठीच्या पुढच्या, पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मनातल्या मनात मी त्यांना लगेच बाई म्हणायला लागले आणि पुढेही तेच राहिलं. खोलीत चोवीस मायक्रोस्कोप, प्रत्येकावर नंबराचं स्टिकर. भिंतीला लागून आम्ही तेरा-चौदा जण उभे. बाईंनी हजेरी घेतली, वेटलिस्टमधल्या दोघांना गैरहजर मुलांच्या जागी घेतलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “बाकीच्यांना आज मी काही देऊ शकत नाही.” मी पर्स उचलली, त्यांच्याकडे बघून मान तुकवली आणि बाहेर पडले. आपल्याला असंच वाढवलेलं असतं. कोणी नाही म्हटलं की मुकाट्याने उठायचं, पाय अडकवून बसायचं नाही.

पुढे कळलं, की त्या वर्गातून तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिघं गळाले. एकाची नोकरीची शिफ्ट बदलली, एकाला केमिस्ट्री झेपेना म्हणून त्याने हा विषय सोडला, तिसऱ्याचं माहीत नाही. भिंतीपाशी जे टिकून राहिले, त्यांना त्या जागा मिळाल्या. बाईंचं ‘आज’ मी ऐकलंच नव्हतं.

तेव्हा मला स्वारगेटचा स्टँड आठवला. सुट्टीत साताऱ्याला मामाकडे जाताना कंडक्टर दारातून ओरडायचा, गाडी भरली, मागच्या गाडीने या. बाबा आम्हाला हलू द्यायचे नाहीत. दोन मिनिटांत कोणीतरी चुकीच्या गाडीत बसलेला माणूस पिशवी घेऊन खाली उतरायचाच. बाबांनी कधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली नाही, ते त्यांना आवडायचं नाही. पण गाडी सुटेपर्यंत ते दारापासून हलायचे नाहीत. एवढं पाहून मोठी झालेली मी, आणि पहिल्याच नकाराला घरी आले.

तो पूर्ण हिवाळा मी तयारी केली. मार्कशीट्सचं मूल्यांकन करून घेतलेल्या कागदांच्या प्रती, राज्याचं पत्र, ओपन युनिव्हर्सिटीचा फॉर्म सहीची जागा सोडून पूर्ण भरलेला, एका निळ्या फोल्डरमध्ये. नवऱ्याने मंगळवार-गुरुवार साडेतीनला ऑफिसमधून निघायचं ठरवलं. शेजारच्या बाईंनी मुलीला तासभर सांभाळायचं कबूल केलं. नवी मेल चार ओळींची होती: हा विषय हवा आहे, लायसन्ससाठी एवढाच उरला आहे, आधीचे सगळे विषय झाल्याचे कागद सोबत आहेत, जागा होईपर्यंत मी प्रत्येक तासाला येईन. विनवणीचं एकही वाक्य नव्हतं. लिहून झाल्यावर ती मला उद्धट वाटली. तशीच पाठवली.

जानेवारी २०१६. पुन्हा चोवीसपैकी चोवीस. या वेळी भिंतीपाशी नऊ जण. दुसऱ्या तासाला सहा, तिसऱ्याला चार. स्टूल नसल्यामुळे आम्ही मागच्या सिंकच्या कडेला टेकून वही लिहायचो. त्या चौघांत एक बाई होती, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, इथिओपियाची. आदिस अबाबात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलेली, इथे एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून रात्रपाळी करणारी. कपडे वर्गाला आणि नंतरच्या कामाला चालतील असेच घालून यायची. एका मंगळवारी मुलीला ताप होता म्हणून मी गेले नाही. गुरुवारी आले तर तिने वहीची चार पानं माझ्या हातात ठेवली. तिने तो तास दोनदा लिहून काढला होता, एकदा स्वतःसाठी आणि एकदा माझ्यासाठी. आम्ही दोघी एकाच जागेच्या मागे आहोत, हे तिला माहीत होतं.

त्याच गुरुवारी तास संपल्यावर बाईंनी आम्हाला थांबवलं. दोन जागा झाल्या होत्या. एक वेटलिस्टमधल्या रीतसर विद्यार्थ्याला गेली, तो नियमच. चौथा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता. उरली एक जागा, चोविसाव्या मायक्रोस्कोपची, आणि आम्ही दोघी. बाईंनी आधी आमचे कागद पाहिले. दोघींचं सगळं पूर्ण होतं. कोणाला जास्त घाई आहे, असं विचारलं. दोघीही गप्प राहिलो. मग त्या म्हणाल्या, “मी निवड करणार नाही. ते बरोबर होणार नाही.” त्यांनी पिवळ्या पॅडचं पान फाडलं, दोन तुकडे केले, एकावर खूण केली, घड्या घातल्या आणि स्लाइड ठेवायच्या रिकाम्या पेटीत टाकून पेटी हलवली. आधी तिने उचलली. तिचा कागद कोरा होता.

मला वाटलं होतं जागा मिळाली की मी रडेन. रडू आलं नाही. तिने माझ्याशी हात मिळवला, कोट चढवला आणि बसची वेळ पाहायला लागली. बाईंची सही अजून ओली होती तो फॉर्म फोल्डरमध्ये घालून मी तिला म्हटलं, मी बार्ट रेल्वेच्या स्टेशनपर्यंत सोडते. गाडीत आम्ही विद्यापीठाबद्दल एक शब्द बोललो नाही. बोललो ते मलेरियाबद्दल. तिच्याकडे फॅल्सिपॅरम किती दिसायचा, आमच्याकडे व्हायव्हॅक्स किती, जाड स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला रक्ताचा थेंब, वाळायच्या आत वीज गेली की काय करायचं. वीस मिनिटं दोन लॅबवाल्या बोलत होत्या. ती उतरल्यावर मी पार्किंगमध्येच बराच वेळ गाडी बंद करून बसले. चिठ्ठी कोणाचीही निघू शकली असती. माझी चार ओळींची मेल, निळा फोल्डर, शेजारच्या बाई, साडेतीनला निघणारा नवरा, या सगळ्यांनी मला फक्त त्या पेटीपर्यंत आणलं होतं. तीही तिथपर्यंतच आली होती, रात्रपाळी करून आणि बसने.

नंतरचे चार महिने कष्टाचे पण आनंदाचे गेले. पहिल्या प्रॅक्टिकलला बाईंनी स्मिअर काढायला लावला. बोटांना सगळं आठवत होतं. थेंब स्लाइडच्या टोकापासून थोडा आत, पसरवायची स्लाइड तिरकी टेकवायची, थेंब कडेने पसरू द्यायचा आणि मग एका दमात, न दाबता पुढे. चांगला स्मिअर जिभेसारखा येतो आणि शेवटी पिसासारखा विरळ होत जातो. पेशी बघायच्या त्या विरळ भागाच्या जरा अलीकडे, जिथे त्या एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात. इथे स्टेन राइटचा. पुण्यात आम्ही स्लाइडवर लीशमन ओतायचो, दोन मिनिटांनी त्यावर बफर घालून पिपेटने हलकी फुंकर मारत मिसळायचो. इथे स्लाइड एकामागून एक बरण्यांत बुडवायची. रंगाची छटा वेगळी आली की डोळ्यांना काही दिवस परकं वाटतं. मग काउंटर घेऊन शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, प्रत्येकाची कळ वेगळी, आणि शंभरावर घंटी. चोवीस काउंटर एकाच वेळी टकटकत असताना त्या खोलीत जो आवाज असायचा तो अजून माझ्या कानात आहे.

तेव्हाच मला कळलं की चोवीस हा आकडा का. बाई प्रत्येकाच्या मायक्रोस्कोपमध्ये स्वतः डोकावायच्या. अपक्व पेशी कोणती आणि नुसती चिडलेली लिम्फोसाइट कोणती, हे पुस्तकातल्या फोटोवरून समजत नाही. शेजारी बसून, तुमच्या स्लाइडवर, तुम्ही बघताय तीच पेशी दाखवावी लागते. ज्या आकड्याने मला एक सेमिस्टर बाहेर ठेवलं, त्याच आकड्यामुळे मला शिकायला मिळालं. पंचविसावं स्टूल त्या खोलीत ठेवता आलं असतं. पंचविसाव्याला बाई मिळाल्या नसत्या.

एप्रिलमध्ये परजीवींचा तास झाला. बाईंकडे एक जुनी स्लाइड होती. दोघांना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर त्यांनी ती लावली आणि एकेकाला बोलावलं. माझी पाळी आली. फॅल्सिपॅरमचा गॅमेटोसाइट, केळ्यासारखा वाकलेला, मधोमध रंगद्रव्याचे ठिपके. ओळखायला क्षणभरही लागला नाही. बाई म्हणाल्या, “तू पुढच्यांना दाखव, मी चहा घेऊन येते.” मी दाखवत राहिले. प्रत्येक वेळी बाण त्या गॅमेटोसाइटवर नेताना मनात येत होतं, की ही स्लाइड तिने माझ्याआधी ओळखली असती.

सेमिस्टर संपल्यावर वही, हँडआउट्स, जुन्या परीक्षांचे कागद, सगळं मी तिला दिलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा भिंतीपाशी उभी राहिली आणि पहिल्याच आठवड्यात आत गेली. तिचा निरोप आला त्यात फक्त नंबर होता: १७. सतराव्या मायक्रोस्कोपचा.

ट्रेनिंगची जागा मिळणं हा पुढचा अरुंद दरवाजा होता. दोन वर्षं अर्ज केले तेव्हा एका हॉस्पिटलने घेतलं. आता मी लायसन्सवर काम करते, बहुतेक हिमॅटॉलॉजीच्याच बेंचवर, आणि आमच्याकडे येणाऱ्या ट्रेनींना शिकवते. एका वेळी एकच. तिच्या स्लाइडवर, तिच्या शेजारी बसून. दुसरीला घ्या म्हणून मेल येतात, कागद चांगले असतात, आणि मला नाही लिहावं लागतं. ते लिहिताना मी ‘सध्या’ हा शब्द न विसरता घालते आणि पुढची जागा कधी होईल ती तारीखही देते.

परवा ऑगस्टचा तिसरा आठवडा. ब्रेकमध्ये फोन वाजला. कोल्हापूरची एक मुलगी, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन सनीव्हेलला आलेली, ओळखीतून माझा नंबर मिळालेला.

“ताई, हिमॅटॉलॉजी फुल दाखवतंय. वेटलिस्टवर पंधरा जण आहेत. पुढच्या वर्षीच बघू का?”

“पहिला तास कधी आहे?”

“आजच. साडेपाचला.”

“फॉर्म भरून ठेवलायस?”

“हो, सही सोडून सगळा.”

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“मग आत्ता निघ. पाचनंतर ८८० हायवेवर गाडी हलत नाही. आणि सोबत काहीतरी खायला घे, तिथे बराच वेळ उभं राहावं लागेल.”